मी डावा की उजवा, हे नेमकं कसं ठरवायचं?

आधी शिक्का मारून घेऊ नका. शेती, जात, धर्म, सरकारी खर्च या प्रत्येकावर आपलं मत काय, ते वेगवेगळं तपासा. डावे-उजवे ही विभागणी १७८९ च्या फ्रेंच सभागृहात कोण कुठल्या बाजूला बसायचं त्यावरून आली. मराठवाड्यात ती सरळ लागू होत नाही.

आमच्याकडे सोयाबीनला हमीभाव आणि कर्जमाफी मागणारा माणूस आर्थिक बाबतीत पक्का डावा असतो. घरातल्या मुलीच्या आंतरजातीय लग्नाचा विषय निघाला, की तोच गप्प होतो किंवा उठून जातो. गोविंदभाई श्रॉफ यांचंच बघा. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले मोठे नेते, विचारांनी डावे, तरी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याला, म्हणजे नामांतराला, त्यांचा विरोध होता. १९७८ चा नामांतराचा ठराव ते १९९४ चा नामविस्तार (जुनं नाव ठेवून आंबेडकरांचं नाव जोडणं), या काळात इथल्या कित्येक पुरोगाम्यांची अशीच परीक्षा झाली.

म्हणून मी पक्षावरूनही कुणाला ओळखत नाही. उमेदवार आपल्या जातीचा म्हणून दिलेल्या मताला विचारधारा म्हणणं मला पटत नाही. स्वतःला विचारा: ज्यात आपला काहीच फायदा नाही, अशा कुणाच्या हक्कासाठी तुम्ही गावात उघडपणे बोलाल?