बंदुकीची दारू म्हणायला लाजता काहून?

नागपूरच्या धंतोलीतल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांचे मेहुणे अमेरिकेत असतात, तिथल्या परवान्यावर हरणाच्या शिकारीला जातात आणि आपल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची काडतुसं घरीच भरतात. गोळी कशी निवडावी आणि पावडर कशी निवडावी यावर त्यांनी एक लांबलचक टिपण लिहिलं आहे. ते मराठीत आणायचं काम या वाचकांच्या गळ्यात पडलं. अडचण अशी की 'बुलेट'ला गोळी म्हणावं की काडतूस हे ठरत नाही, आणि 'पावडर'ला दारू म्हटलं की घरचे हसतात. मसुद्यात एक मथळाच होता म्हणे, 'शिकारीसाठी दारू कशी निवडावी'. सासूबाईंनी तो वाचला. आता मग 'बारूद' चालेल का, असं हे वाचक विचारतात.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत देतो. बुलेट म्हणजे गोळी. नळीतून बाहेर पडते ती, तेवढीच. काडतूस म्हणजे आख्खी वस्तू: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी (ठोका बसला की ठिणगी देते ती), आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. काडतूस झाडलं की गोळी जाते आणि पुंगळी रायफलीतून उडून बाजूला पडते. एवढं साधं असताना आमच्या वृत्तवाहिन्या रोज सांगतात की 'त्याच्या पोटात काडतूस घुसलं'. घुसलं असेल तर तो माणूस हत्तीच असला पाहिजे बाप्पा! आणि 'जिवंत काडतुसं जप्त' हे आता पंचनाम्यातच जाऊन बसलंय, ते काही उठायचं नाही. मेलेल्या काडतुसाला पुंगळी म्हणतात, मग न मेलेल्याला नुसतं काडतूस म्हटलं तर पोलिसांचं काय अडतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'कार्तुशु'वरून आला. त्याच्या मागे फ्रेंच 'कार्तूश', त्याच्या मागे इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची गुंडाळी. इतवारीतला किराणावाला कागदाचा कोन करून त्यात जिरं भरायचा, तसा सैनिक कागदाच्या नळीत मोजकी दारू आणि गोळी बांधून ठेवायचा. १८५७ ला सगळा वणवा पेटला तो या कागदाला चोपडलेल्या चरबीवरून, कारण एन्फील्ड रायफलीत दारू ओतण्याआधी कागद दातांनी फाडावा लागे. कागद गेला, पितळ आलं, नाव तेच राहिलं. हिंदीत 'कारतूस' झालं, आपल्याकडे मात्र 'र'चा 'ड' झाला. माझा आपला तर्क असा की ऐकणाऱ्याला त्यात 'काडी' ऐकू आली असावी, काडी लावली की पेटतं म्हणून. कोणाला पटो न पटो. २०२३ मध्ये राजकारणात फडतूस-काडतूस अशी जोडी गाजली, तेव्हापासून मात्र हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत असं सांगणारे भेटतात. यमक जुळलं म्हणून सोयरीक होत नाही.

आता दारू. खरा प्रश्न इथेच आहे, आणि इथे मला सासूबाईंची बाजू घेता येत नाही.

मराठीत बंदुकीच्या पावडरीला दारूच म्हणतात, आजही म्हणतात. दारूगोळा म्हणतो तेव्हा कोणी हसत नाही. गावच्या जत्रेत 'शोभेची दारू' उडते. गडावर दारूकोठार असतं. (तिथे उभं राहून 'महाराज पीत होते का हो?' विचारणारे पर्यटक मी ऐकलेत. त्यांना कोठारात कोंडावं.) मुंबईत माझगावच्या बाजूला दारूखाना आहे, तिथे बाटल्या भरत नव्हत्या. आणि आपल्या विदर्भातली गंमत तर बघा. वर्धा जिल्ह्यात गेलं अर्धं शतक दारूबंदी, आणि त्याच जिल्ह्यात पुलगावला देशातलं सर्वांत मोठं समजलं जाणारं दारूगोळ्याचं कोठार! मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही दारूचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने नांदतात.

पण हे दोन अर्थ एका शब्दात आले कुठून? इथे आमचे एक संस्कृतप्रेमी स्नेही नेहमी आडवे येतात. त्यांच्या मते दारू म्हणजे संस्कृत 'दारु', लाकूड, देवदारुमधला तो. लाकडाचा कोळसा दारूत घालतात, म्हणून दारू. छान. मग प्यायच्या दारूत कोणतं लाकूड घालतात? तिथे ते मोहाच्या झाडाकडे बोट दाखवतात. असं बोट दाखवत गेलं तर प्रत्येक शब्द जंगलातच निघेल.

दारू हा फारसी शब्द आहे आणि फारसीत त्याचा पहिला अर्थ आहे औषध. 'दवादारू' हा जोडशब्द आपण रोज वापरतो, त्यातली दारू ती हीच. 'दवादारू केली पण गुण आला नाही' म्हणणारी आजी आजोबांना पेग देत नव्हती. (या फारसी शब्दाचा संबंध 'दार' म्हणजे झाड याच्याशी जोडतात आणि ते 'दार' आपल्या 'दारु'चं चुलत भावंड आहे. म्हणजे स्नेही चुकीच्या रस्त्याने बरोबर गल्लीच्या तोंडाशी पोचले. त्यांना सांगू नका.)

तर औषध. आता चीनकडे चला. तिथे बंदुकीच्या दारूला 'हुओ याओ' म्हणतात: हुओ म्हणजे अग्नी, याओ म्हणजे औषध. ती सापडली किमयागारांना, अमृताच्या शोधात सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) आणि गंधक यांचे प्रयोग करताना. सोरा हा त्यांच्या औषधी ग्रंथांमधला पदार्थ. पश्चिमेकडे जा. अरबीतल्या 'बारूद'चा आधीचा अर्थ नुसता सोरा. तेराव्या शतकातला इब्न अल-बैतार त्याची नोंद करतो, आणि हा गृहस्थ वनस्पती नि औषधांचा जाणकार होता, तोफखान्याचा दारोगा नव्हे. दक्षिणेत उतरा. तमिळमध्ये 'मरुंदु' म्हणजे औषध आणि 'वेडिमरुंदु' म्हणजे बंदुकीची दारू. कन्नडमध्ये 'मद्दु' औषध, 'मद्दुगुंडु' दारूगोळा. तेलुगूने तर कमाल केली. 'मंदु' म्हणजे औषध, मंदु म्हणजे बंदुकीची दारू, आणि मंदु म्हणजे प्यायची दारूसुद्धा! तिन्ही अर्थ एका शब्दात, आपल्या दारूसारखेच, आणि शब्द मात्र पूर्ण वेगळ्या घराण्यातला. विश्वास नसेल तर सिरोंचाच्या बाजारात जाऊन विचारा. गडचिरोलीच्या त्या टोकाला दोन्ही भाषा एकाच दुकानात बोलतात.

माझं म्हणणं असं की हे सगळे शब्द एकाच दृश्यातून आले: कोणीतरी तराजू घेऊन बसलंय, कुटलेले पदार्थ ठरल्या प्रमाणात मिसळतंय आणि जास्त झालं तर काय होईल या भीतीने हात आखडता घेतंय. वैद्य तो. घरी काडतुसं भरणारा माणूस आजही नेमकं हेच करतो. पुस्तकात दिलेल्या कमीत कमी मात्रेपासून सुरुवात, काटा रोज तपासायचा, थोडं थोडं चढवत जायचं, टोपीचा चेहरा चपटा दिसू लागला, म्हणजे दाब जास्त झाला, की थांबायचं. 'चार्ज'ला मराठी शब्द शोधत असाल तर 'मात्रा' घ्या. जुना शब्द 'बार' आहे, 'फुसका बार' मधला, पण दारूच्या शेजारी बार लिहिलंत तर सासूबाई मसुदा परत पाठवतील.

बारूद नको. चूक नाही, पण ती हिंदी सिनेमाची सवय आहे. सरकारी परिभाषेतलं 'प्रणोदक' (म्हणजे प्रोपेलंट) वाचून तर रायफलही झोपेल. आणि 'अग्निचूर्ण' सुचवणारे जे महाभाग आहेत ते शुक्रनीती या संस्कृत ग्रंथाचा दाखला देतात: पाच भाग सोरा, एक गंधक, एक कोळसा. त्या श्लोकांवरून आपल्याकडे पुराणकाळी बंदुका होत्या असंही सिद्ध करतात. तो भाग बराच उशिराचा आहे असं अनेक अभ्यासकांनी दाखवलंय, ते मात्र त्यांच्या वाचनात येत नाही. पण मला त्यांचा राग येत नाही, कारण चूर्ण हाही शेवटी वैद्याच्याच खलबत्त्यातला शब्द. पळून पळून पोचले दवाखान्यातच.

शिवाय 'पावडर' हा शब्द तरी कुठे खरा आहे? सोरा-गंधक-कोळशाची जुनी काळी दारू भुकटी होती, हे कबूल. मेहुण्यांच्या डब्यातली मात्र बिनधुराची, पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये काढलेल्या दारूची वंशज. तिच्यात गंधक नाही, कोळसा नाही. बारीक कांड्या असतात, चकत्या असतात किंवा गोल मणी असतात. पावडर म्हणणारा इंग्रजच चुकतोय, आणि आपण त्याच्यासाठी दारू टाकून द्यायची?

मसुद्यात 'स्लो पावडर'चं 'मंद दारू' केलंय. ते बदला. मंद म्हटलं की वाचक कमजोर समजतो, आणि इथे नेमकं उलटं आहे. मेहुण्यांच्या रायफलीसारख्या सेमी-ऑटोमॅटिक जातीच्या बऱ्याच रायफलींत नळीला एक बारीक भोक असतं. गोळी त्याच्या पुढे गेली की मागचा थोडा वायू त्या भोकातून शिरतो, दांड्याला ढकलतो, आणि पुंगळी निघून पुढचं काडतूस चढतं. सावकाश जळणारी दारू घेतली तर गोळी भोकाशी पोचते तेव्हाही दाब चढाच राहतो आणि यंत्रणेला नको इतका जोराचा धक्का बसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी गॅरँड रायफलीचा दांडा अशाने वाकतो म्हणून तिचे मालक मध्यम वेगाची दारू आणि मध्यम वजनाची गोळी सोडत नाहीत. म्हणून 'सावकाश जळणारी दारू' असं पूर्ण लिहा. चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील. 'क्रिम्प'ला 'मान आवळणे' हे तुमचं भाषांतर झकास आहे, ते ठेवा. मॅगझिनमधून, म्हणजे रायफलीच्या काडतूस-पेटीतून, धाडकन वर चढताना गोळी पुंगळीत मागे सरकू नये म्हणूनच तर पुंगळीची मान गोळीभोवती आवळतात. 'सॉफ्ट पॉइंट'ला 'मऊ टोकाची गोळी' पुरे. आणि वर एक ओळ टाका की परवान्याशिवाय काडतुसं भरणं आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. नाहीतर कोणी उत्साही भाऊ पेंचच्या वाटेला लागायचा.

आता राहिला 'ग्रेन'. तुम्ही '१५० दाण्यांची गोळी' आणि पुढे 'इतके दाणे दारू' असं लिहिलंय. अहो, ग्रेन हे वजन आहे! मुळात धान्याच्या दाण्यावरून आलं हे खरं, पण आता ते वजनच. एका पौंडात ७००० ग्रेन. दारूच्या कांड्या मोजत बसायचं नसतं. मराठीच हवं असेल तर त्याहून मजेशीर हिशेब देतो. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. अमेरिकेत .३० कॅलिबरच्या (साधारण ०.३ इंच व्यासाच्या) शिकारी गोळ्या सर्रास मिळतात त्या १५०, १६५ आणि १८० ग्रेनच्या. करा भागाकार: दहा मासे, अकरा मासे, एक तोळा. बरोब्बर, पै-पैसा न सोडता! इतवारीचा सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणून देतो, पण १८० ग्रेनची ती गोळी अजून ११.६६ ग्रॅमचा खरा तोळा पाळून राहिली आहे. छापताना मात्र 'ग्रेन'च छापा, आणि ते 'दाणे' आजच्या आज खोडा.