एकच नेटवर्क कार्ड अनेक व्हर्च्युअल मशीनना वाटून द्यायचे असेल, तर आभासी उपकरणाचा नियंत्रण इंटरफेस कसा आखावा?

एका होस्टवरचे, म्हणजे खऱ्या संगणकावरचे, नेटवर्क कार्ड अनेक व्हर्च्युअल मशीनमध्ये वाटण्यासाठी आपण स्वतः एक आभासी उपकरण लिहीत आहात. त्याचे नियंत्रण रजिस्टरांतून (उपकरणातील ठरावीक जागी थेट मूल्ये लिहून) व्हावे की कमांडच्या क्यूमधून (रांगेतून), आणि गेस्टच्या, म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या, हाती नेमके काय द्यावे, असे आपले दोन प्रश्न आहेत; जाता जाता आपण सामायिक डिस्कबद्दलही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातूनच निघते.

गेस्टला मागणी करू द्यावी आणि निर्णय होस्टकडे ठेवावा. साध्या संगणकात ड्रायव्हर हा कार्डाचा एकमेव धनी असतो. तो रजिस्टरमध्ये जे लिहील ते कार्ड निमूटपणे पाळते. कार्ड वाटून दिले की हे गृहीतक कोसळते. एका गेस्टने प्रॉमिस्क्युअस मोड (कोणासाठीही आलेले पॅकेट घेण्याची मुभा) मागितला, तर शेजारच्या गेस्टची पॅकेट त्याला दिसू शकतात. त्याने शेजाऱ्याचाच मॅक पत्ता (कार्डाची नेटवर्कवरील ओळख) लावून घेतला, तर शेजाऱ्याची वाहतूक त्याच्याकडे वळू शकते. म्हणून आराखड्यातील प्रत्येक नियंत्रणापुढे त्याचा परिणाम कोणावर होतो हे लिहून काढावे. स्वतःच्या क्यूंची संख्या किंवा चेकसम ऑफलोड (पॅकेटच्या अचूकतेची बेरीज कार्डाकडून करून घेणे) यांसारख्या गोष्टी मागणाऱ्यापुरत्याच असतात, त्या खुशाल द्याव्यात. मॅक पत्ता, प्रॉमिस्क्युअस मोड, व्हीएलॅन (नेटवर्कचे आभासी विभाग) आणि बँडविड्थ यांचे परिणाम इतरांपर्यंत पोहोचतात, तेव्हा तेथे होस्टचे धोरण आड यायलाच हवे.

एसआर-आयओव्ही कार्डांमध्ये (एकच कार्ड अनेक आभासी कार्डांसारखे दिसू देणाऱ्या) हीच विभागणी हार्डवेअरमध्ये उतरलेली आहे. गेस्टकडे दिलेले व्हर्च्युअल फंक्शन सामायिक रजिस्टरांना हात लावू शकत नाही. ते मेलबॉक्समधून होस्टवरील फिजिकल फंक्शनच्या, म्हणजे मूळ कार्डाच्या, ड्रायव्हरला निरोप पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. इंटेलच्या ८२५९९ या कंट्रोलरमध्ये हा मेलबॉक्स अवघ्या ६४ बाइटांचा आहे, आणि त्यातूनही दोन्ही बाजू इंटरफेसची आवृत्ती ठरवून घेतात. कोणत्या फंक्शनवर किती विश्वास ठेवायचा हे होस्टचा प्रशासक ‘ट्रस्ट’ आणि ‘स्पूफचेक’ या पर्यायांनी ठरवतो. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्येही गेस्टने मागितलेले रिसीव्ह फिल्टर (कोणती पॅकेट घ्यायची याचे नियम) मान्य करण्याचा पर्याय मुळात बंदच ठेवलेला आहे.

आता रजिस्टर की क्यू. याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हर्टआयओ (आभासी उपकरणांचे खुले मानक) नेटवर्क उपकरणाच्या मॅक पत्त्याचे आहे. जुन्या व्हर्टआयओमध्ये हा सहा बाइटांचा पत्ता ड्रायव्हर कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये (रजिस्टरांसारख्या जागेत) एकेक बाइट करून लिहीत असे. तिसरा बाइट लिहून झाला आणि चौथा अजून व्हायचा आहे, त्या क्षणी उपकरणाकडे असलेला पत्ता धड जुना नसतो, धड नवा नसतो, आणि पॅकेट तर येतच असतात. शिवाय सहावा बाइट पडेपर्यंत होस्टने तपासायचे काय आणि तपासून नाही म्हणायचे कसे, हा प्रश्न उरतोच. पुढे नियंत्रण क्यूमध्ये पूर्ण पत्ता एकाच वेळी बदलणारी कमांड आली, आणि तिच्यावर उभयपक्षी सहमती झालेली असल्यास, कार्ड पॅकेट स्वीकारत असताना ड्रायव्हरने तीच वापरली पाहिजे असे मानकाने बजावले. या कमांडची रचना अगदी साधी आहे: एक बाइट वर्गाचा, एक बाइट कमांडचा, मग माहिती, आणि शेवटी एक बाइट उपकरणाने लिहायचा, शून्य म्हणजे झाले, एक म्हणजे चूक.

हा शेवटचा बाइट मला अपुरा वाटतो. परवानगी नाही, कमांडच ओळखीची नाही, किंवा आत्ता जागा नाही, या तीन नकारांवर ड्रायव्हरने तीन वेगळ्या गोष्टी करायला हव्यात, आणि त्याला तर नुसते ‘चूक’ एवढेच कळते. व्हर्टआयओच्या १.३ आवृत्तीतील प्रशासकीय कमांडमध्ये स्टेटससोबत कारण सांगणारे वेगळे फील्ड आहे. आपण पहिल्याच दिवसापासून तसे ठेवावे.

रजिस्टरे मात्र पूर्णपणे काढून टाकू नयेत. फीचर ठरवणे, स्टेटस आणि रीसेट या गोष्टी क्यू उभी राहण्याआधी, किंवा ती अडकून पडल्यावरही, चालल्या पाहिजेत. अडकण्याची शक्यता कागदी नाही. लिनक्सचा व्हर्टआयओ नेटवर्क ड्रायव्हर नियंत्रण कमांड पाठवल्यावर, नेटवर्क विभागाचे सामायिक लॉक हातात धरून, उत्तर येईपर्यंत लूपमध्ये फिरत राहत असे. पलीकडे क्यूईएमयू (उपकरणांची नक्कल करणारे होस्टवरील सॉफ्टवेअर) असेल तर उत्तर चटकन येते म्हणून कोणाला जाणवत नाही. पलीकडे खरे हार्डवेअर आले आणि ते गप्प बसले, तर गेस्टचा एक सीपीयू तर जातोच, वर नेटवर्कच्या इतर कमांडही त्या लॉकपाशी ताटकळतात. तेव्हा प्रत्येक कमांडला स्वतंत्र क्रमांक द्यावा, उत्तरे मागेपुढे आली तरी चालावे, आणि ती आलीच नाहीत तर किती वेळाने काय करायचे हे आराखड्यातच लिहावे.

बहुतेक नवे आराखडे लाइव्ह मायग्रेशनपाशी, म्हणजे चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवताना, गडबडतात. डेटा क्यूची स्थिती बहुतांशी गेस्टच्या मेमरीत असते आणि ती मेमरीबरोबर नव्या होस्टवर जाते. परंतु कमांडने बसवलेला मॅक पत्ता, व्हीएलॅनची यादी आणि रिसीव्ह मोड उपकरणाच्या पोटात असतात. ते होस्टला परत वाचता येत नसतील, तर नव्या जागी उपकरण कोरेच उभे राहील, आणि गेस्टला ते कळणारही नाही. व्हीडीपीए उपकरणांसाठी (ज्यांच्या डेटा क्यू व्हर्टआयओप्रमाणे खरे हार्डवेअर चालवते) क्यूईएमयूने काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे: डेटा क्यू थेट हार्डवेअरकडे सोडायच्या, नियंत्रण क्यू मात्र स्वतः मध्ये अडवायची, प्रत्येक कमांड नोंदवून पुढे पाठवायची आणि नव्या होस्टवर तीच स्थिती पुन्हा बसवायची. हे जमते, कारण नियंत्रण क्यूला डेटा क्यूंपासून वेगळी ॲड्रेस स्पेस (मेमरीतील पत्त्यांचा स्वतंत्र संच) देता येते. तुमच्या उपकरणात दोन्ही एकत्र असतील, तर हा मार्ग सुरुवातीलाच बंद होईल.

गेस्टवर विश्वास ठेवू नये हे आपणास ठाऊक असेलच, तरी एक बारकावा सांगतो. सामायिक मेमरीतील कमांड आधी होस्टच्या खासगी मेमरीत उतरवून घ्यावी, मग तपासावी आणि तीच प्रत वापरावी. तपासणी आणि वापर यांच्या दरम्यान गेस्ट मूळ आकडा बदलू शकतो. झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या बॅकएंडमध्ये (होस्टकडील भागात) २०१५ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेला दोष याच जातीचा होता, आणि तेथे कंपायलरने एकाच वाचनाची दोन वाचने केल्यामुळे, सोर्सकडे पाहून तो सहज लक्षातही येत नसे. त्याच वर्षी मे महिन्यात उघड झालेला ‘व्हेनम’ हा दोष तर क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये २००४ पासून होता: काही कमांडनंतर ५१२ बाइटांच्या बफरमधील स्थान वेळेवर शून्यावर येत नव्हते, आणि गेस्ट बफरच्या बाहेर लिहू शकत होता. फ्लॉपी कोणी जोडलेली नसली तरी कंट्रोलर हजर असे. न वापरलेली कमांडदेखील हल्ल्याची जागाच असते, म्हणून लागतील तेवढ्याच ठेवाव्यात.

राहिली डिस्क. येथे प्रश्न कार्डापेक्षा अवघड आहे, कारण दोन गेस्टनी एकाच वेळी लिहिले तर फाइल सिस्टिमच बिघडते, आणि कोण कोणत्या हेतूने जोडला आहे हे उपकरणाला आपोआप कळत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवरील व्हीएम प्रणालीच्या परंपरेत याचे फार नेटके उत्तर आहे. तेथे दुसऱ्याची मिनीडिस्क (डिस्कचा वाटून दिलेला भाग) ‘लिंक’ करतानाच मोड सांगावा लागतो: ‘आर’ म्हणजे कोणी लिहीत नसेल तरच वाचायला द्या, ‘आरआर’ म्हणजे कोणी लिहीत असले तरी वाचायला द्या, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुसरे कोणीही जोडलेले नसेल तरच लिहायला द्या, आणि ‘एमडब्ल्यू’ म्हणजे काहीही असो, लिहायला द्या. हेतू जोडणीच्या वेळीच स्पष्ट होत असल्यामुळे नकार तिथेच देता येतो. आजच्या क्लस्टरमध्ये हे काम स्कझी-३ या डिस्कच्या कमांड-मानकाची पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (डिस्कवर कोणाचा हक्क आहे याची टिकून राहणारी नोंद) करतात. त्या कमांड होस्टवर चालवायला विशेष अधिकार लागतात. ते अधिकार संपूर्ण क्यूईएमयूला देण्याऐवजी त्याच्या २.११ या आवृत्तीपासून एक छोटा स्वतंत्र मदतनीस प्रोसेस ठेवला आहे, आणि क्यूईएमयू त्याच्याशी सॉकेटवरून बोलतो. आपल्या डिस्क उपकरणासाठी मी हीच मांडणी उचलेन.