प्राजक्तातलं जोडाक्षर एक की दोन?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या कविता-गटात रोज सकाळी एक शब्द देतात आणि रात्रीपर्यंत त्यावर अष्टाक्षरी लिहायची असते. परवाचा शब्द होता 'प्राजक्त'. ताईंनी लिहिलं :

रात्री दारात सांडला
प्राजक्ताचा ओला सडा

परीक्षकांनी दुसरी ओळ परत पाठवली. 'क्ता' जोडाक्षर आहे, त्याची दोन अक्षरं होतात, म्हणून ओळ नऊची झाली, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी निमूटपणे 'पारिजात ओला सडा' केलं, आणि आता विचारतात, जोडाक्षर एक धरायचं की दोन?

ताई, एकच. अक्षर म्हणजे स्वरासकट उच्चारला जाणारा तुकडा. नुसत्या 'क्'ला स्वर नाही, तो पुढच्या 'ता'चा हात धरूनच येतो. शिवाय 'क्ता'ची दोन धरायची, तर 'प्रा'चीही दोन धरा, मग ओळ नऊची नाही, दहाची होईल! आणि पहिल्या ओळीतलं 'त्री' कसं सुटलं?

आपल्याकडे याचा सगळ्यात भक्कम दाखला अभंगाचा. मोठ्या अभंगाच्या चार चरणांचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान' अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजून पाहा : सुं, द, र, ते, ध्या, न. बरोब्बर सहा. 'सुं'वरच्या अनुस्वाराला वेगळं पेर नाही, 'ध्या'लाही एकच.

आता यातला 'न' बघा. बोलताना आपण 'ध्यान्' म्हणतो, म्हणजे कानाला तो तुकडा एकच. पण पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत उभं राहून ऐका. टाळाच्या ठेक्यावर तो 'न' पुरता, लांबवून येतो, 'ध्याऽनऽ'. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे आपल्या माधव जूलियनांनी, 'छंदोरचना' या ग्रंथात हेच नेमकं पकडलंय : छंदात, म्हणजे अभंग-अष्टाक्षरीसारख्या नुसती अक्षरं मोजायच्या रचनेत, लघु-गुरूचा (हलक्या-जड अक्षरांचा) भेद उरत नाही, प्रत्येक अक्षर दीर्घ म्हटलं जातं. तुमची पहिली ओळ नुसती बोलली तर 'रात्री दारात् सांड्ला', कानाला सहाच तुकडे. छंदात म्हटली की आठ. म्हणून 'स्वारगेट' घातलंत तरी चारच मोजायची, कंडक्टर कितीही घाईनं 'स्वार्गेट' म्हणो.

मग हा घोळ येतो कुठून? मला वाटतं, शाळेतल्या लघु-गुरूच्या धड्यातून. तिथे जोडाक्षराआधीचं अक्षर आघात येऊन गुरू होतं, त्याच्या दोन मात्रा. 'प्राजक्त'मधला 'ज' असाच जड होतो. हा नियम खरा, पण तो वृत्तांचा, जिथे लघु-गुरूचा हिशोब ठरलेला असतो. तिथेही जोडाक्षराची दोन अक्षरं होत नाहीत, वजन फक्त शेजाऱ्याचं वाढतं. अष्टाक्षरीत वजन नाही, डोकी मोजायची. (संगणकाच्या मोजणीवरही विसंबू नका. तो काना आणि पाय मोडल्याची खूण वेगवेगळी धरतो, त्याच्या लेखी 'क्ता' म्हणजे चार.)

हायकूचं मात्र वेगळं. तीन ओळींच्या या जपानी कवितेच्या पाच-सात-पाचमध्ये आपली अक्षरं मोजत नाहीत. 'निप्पोन' आपल्याला नि, प्पो, न असं तीन दिसतं, जपानी माणूस चार मोजतो, कारण अडखळलेल्या 'प्'लाही तिथे स्वतःचा ठोका असतो. मराठीत पाच-सात-पाच लिहिताना आपलीच मोजणी ठेवावी असं माझं मत, कारण वाचणारा कान मराठी आहे.

खरी पंचाईत 'विद्वान'सारख्या शब्दांची. पूर्वी 'विद्वान्' असा पाय मोडून लिहीत, तेव्हा दोन अक्षरं. आजच्या नियमानं तो अकारान्त, म्हणून तीन. मी तीनच धरते.

आणि ताई, 'पारिजात ओला सडा' काढून टाका. आठ जुळवताना त्यातला 'चा' गेला, आणि सडा कशाचा तेच तुटलं. मूळची 'प्राजक्ताचा ओला सडा' जशीच्या तशी परत पाठवा, सोबत 'सुंदर ते ध्यान'ची मोजणी लिहून.