क्रांतीच्या धामधुमीत ब्रश न सोडलेली बाई

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत ड्रॉइंगचे क्लास घेते. इंटरमिजिएटच्या बॅचला फ्रेंच राज्यक्रांतीतली चित्रं दाखवत होते, तर एका मुलीने विचारलं की मॅडम, तेव्हा बायका चित्रं काढायच्याच नाहीत का? मला क्रांतीचा प्रसिद्ध चित्रकार झाक-लुई दाविद, त्याच्या पुढे एकही नाव आठवेना. कोणी होत्या का? आणि होत्या तर आपल्याला माहीत का नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होत्या की! आणि एक नाव तर मी तुम्हाला आग्रहाने सांगणार, आदेलाइद लाबिय-ग्यार. जन्म 1749, पॅरिस. वडलांचं फॅशनच्या वस्तूंचं दुकान होतं, म्हणजे आपल्या मेन रोडवर लेस, रिबिनी, बटणांची दुकानं असतात ना, तसलंच पण बड्या गिऱ्हाइकांचं. घरात चित्रकार कोणी नाही. तेव्हा बहुतेक बायका वडलांकडून किंवा नवऱ्याकडून चित्रकला शिकायच्या, हिने मात्र बाहेर गुरू शोधले, आधी मिनिएचर शिकली, मग मोरिस कांतँ द ला तूरकडे पेस्टल आणि मग फ्रांस्वा-आंद्रे व्हॅन्सॉकडे ऑइल.

1783 मध्ये तिला रॉयल अकादमीत, म्हणजे राजाश्रयाच्या चित्रकार-शिल्पकारांच्या संस्थेत घेतलं, त्याच दिवशी दुसरी चित्रकार एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिलाही घेतलं, आणि बायकांची मर्यादा होती फक्त चार! लगेच लोक बोलायला लागले की हिची चित्रं व्हॅन्सॉच हात फिरवून पूर्ण करतो. खरं तर हा आळ तिच्यावर आधीपासूनच होता आणि त्यावर तिने काय केलं बघा, अकादमीतल्या मोठमोठ्या चित्रकार-शिल्पकारांनाच पोर्ट्रेटसाठी समोर बसवलं. म्हणजे ब्रश कोणाच्या हातात आहे ते त्यांनीच डोळ्यांनी बघावं. मला तिची ही गोष्ट फार आवडते.

आता क्रांती. राजाच्या आत्यांची ती अधिकृत चित्रकार होती, त्यामुळे पळून जायला कारण होतं, विजे ल ब्रँ 1789 मध्ये गेलीच. ही मात्र पॅरिसमध्येच राहिली आणि नव्या व्यवस्थेवर तिचा मनापासून विश्वास होता. 1790 मध्ये अकादमीच्या बैठकीत तिने मागणी केली की बायकांवरची संख्येची मर्यादा काढा. 1791 च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, नॅशनल असेंब्लीच्या (क्रांतीतल्या संसदेच्या) सदस्यांची पोर्ट्रेट्स लावली, त्यात क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएरही होता.

आणि तरीही तिच्यावर घाव घातला तो क्रांतीनेच. राजाच्या भावाने तिला 1788 मध्ये एका प्रचंड चित्राचं काम दिलं होतं, बऱ्याच जणांचा समारंभाचा प्रसंग. बायकांना नग्न मॉडेलवरून शिकायला बंदी, त्यामुळे त्या पोर्ट्रेटमध्येच अडकायच्या, आणि मान कोणाला तर मोठी ऐतिहासिक चित्रं करणाऱ्यांना. हे चित्र म्हणजे तिची ती भिंत ओलांडायची संधी होती, त्यावर तिने अडीचेक वर्षं घालवली होती. 1793 मध्ये हुकूम आला की राजघराण्याचं आहे, नष्ट करायला देऊन टाका. गेलं! त्याच वर्षी अकादमीही बरखास्त झाली आणि पुढे तिच्या जागी जी संस्था आली त्यात बायकांना जागाच नव्हती, सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश मिळायला तर 1897 उजाडलं.

ती विसरली का गेली त्याचं उत्तर मला यातच दिसतं. सगळ्यात मोठं काम राखेत गेलं, विजे ल ब्रँने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या तशा हिने काही लिहिलं नाही, 1803 मध्ये गेलीसुद्धा, आणि दाविदचं नाव एवढं मोठं की बाकीचे त्याखाली झाकले गेले.

पण तुमच्या क्लासला दाखवायला एक चित्र शिल्लक आहे, आणि तेच दाखवा. 1785 चं सेल्फ-पोर्ट्रेट, दोन विद्यार्थिनींबरोबर, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, जवळजवळ सात फूट उंच. झूम करून बघा, फिकट निळ्या रेशमी गाऊनवर उजेड कसा सरकतो ते, पायाशी चकचकीत जमिनीत उमटलेली प्रतिबिंबं बघा. आपल्याला कॅनव्हासची फक्त मागची बाजू दिसते. खुर्चीमागे दोघी मुली, एक कॅनव्हासकडे बघतेय, दुसरी आपल्याकडे. अकादमी बायकांची संख्या चारवर अडवून बसलेली असताना तिच्याच प्रदर्शनात या बाईने स्वतःच्या विद्यार्थिनींना एवढ्या मोठ्या चित्रात उभं केलं. लूव्र तेव्हा राजवाडा होता आणि चित्रकारांना तिथे राहायला जागा मिळायची, ती तिला वर्षानुवर्षं नाकारली, कारण काय, तर तिच्याकडे मुली शिकायला येतात! ती मिळाली 1795 मध्ये.

त्या दोघींतली एक मारी-गाब्रिएल कापे, ती पुढे स्वतः चित्रकार झाली. बाई गेल्यानंतर पाच वर्षांनी, 1808 मध्ये, तिने एक चित्र केलं, त्यात बाई इझलसमोर बसून पोर्ट्रेट करतायत आणि शेजारी कापे स्वतः, पॅलेटवर त्यांच्यासाठी रंग काढून देतेय. ते म्युनिकला आहे. दोन्ही चित्रं एकाच तासाला दाखवा, आधी 1785 चं, मग हे, आणि मुलींनाच विचारा की दोन्हींत कापे कुठे आहे ते शोधा.