संध्याकाळी बरं वाटतं, मग सकाळी मी नाटक करते का?

"संध्याकाळी मी चांगली असते हो. मग सकाळी काय होतं मला? घरचे याला आळस म्हणतात." थोड्याफार फरकाने हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता पहिल्याच भेटीत विचारते : दिवसातली सगळ्यात जड वेळ कोणती?

एका बाईंचं सांगते, ओळख पटेल ते तपशील बदलून. नैराश्याचं निदान झालेलं, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू. झोप लागायची रात्री दोन-अडीचला, अंथरूण सुटायचं दहा-अकराला. दुपार कलली की छातीवरचा दगड हलका व्हायचा. रात्री बहिणीशी फोनवर त्या हसायच्यासुद्धा, आणि त्या हसण्याचीच त्यांना लाज वाटायची.

"खरं आजारी माणूस हसेल का?"

मी समजूत घातली नाही. वही दिली. जागेपणी दर तीन तासांनी मनःस्थितीला शून्य ते दहा गुण द्यायचे, कारण लिहायचं नाही.

दोन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. आम्ही दोघींनी एकाच कागदावर रोजची रेघ काढली. चौदा रेघा, सगळ्या एकाच वळणाच्या. घरात भांडण झालेला दिवस आणि मैत्रीण भेटायला आलेला दिवस, कुठला कोणता ते रेघेवरून ओळखू येईना. बराच वेळ त्या कागदावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी करत नाहीये. हे माझ्यात होतंय."

त्या क्षणी मलाही काही उमगलं. सकाळचे काळे विचार उलगडून त्यांचं मूळ शोधण्यात मी वर्षानुवर्षं सत्रं घालवली होती. पण पुष्कळदा आधी मन उतरतं आणि मग ते उतरण्याला शोभेल असं कारण शोधतं. तेव्हापासून मी विचारांच्या आधी घड्याळ पाहते. माझ्या कामातला हा सगळ्यात उपयोगी बदल मानते.

शरीराच्या आतलं हे घड्याळ खरंच आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा पुंजका असतो. झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकं यांच्या वेळा तो सांभाळतो. बहुतेकांमध्ये त्याचा फेरा 24 तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून त्याला रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि ते काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. अशी घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात, हे फळमाशीवर उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं.

बाईंची सकाळ बंद पडद्याआड जात होती. घड्याळ मागे पडत चाललेलं.

"लवकर झोप कशी आणू?"

"झोप आणता येत नाही. उठणं ठरवता येतं."

उठण्याची वेळ आम्ही दर चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणली, सुट्टीच्या दिवशीही तीच. उठलं की अर्धा तास बाहेर, मन असो वा नसो. घरातला उजेड बहुधा काहीशे लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार मिळतो. उपचारासाठीचे दिवे साधारण 10,000 लक्सचे असतात, पण ते मनानेच आणून लावू नका. ज्यांना पहाटे तीन-चारलाच जाग येते, त्यांच्यासाठी उजेडाची वेळ वेगळी असू शकते. ज्यांना कधी उन्मादाचा (मॅनियाचा) झटका येऊन गेला आहे, त्यांच्यात तीव्र प्रकाशाने तो पुन्हा उफाळू शकतो. डोळ्यांचा विकार असेल तर तेही आधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. आणि सकाळी जीव नकोसा वाटत असेल, तर संध्याकाळी बरं वाटेल म्हणून थांबू नका. त्याच वेळी कुणाला तरी सांगा, मदत घ्या.

सहाव्या आठवड्यात सकाळचा आकडा दोनावरून चारावर आला होता. चार म्हणजे बरं होणं नव्हे, पण त्या आंघोळ करून वेळेवर कामाला निघू लागल्या होत्या. एक नियम त्यांनी स्वतःच केला : मोठा निर्णय दुपारी चारच्या आत घ्यायचा नाही. नोकरी सोडण्याचं पत्र एका सकाळी लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं. "संध्याकाळी वाचलं की दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटतं," म्हणाल्या आणि घडी घालून पुन्हा वहीत ठेवलं.