एमबीएच्या वर्गात ‘कामातलं अध्यात्म’ शिकवता येतं का?

तुम्ही विचारलंय की हा विषय अभ्यासक्रमात आलाय, वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं आहेत, नास्तिकही आहेत, मग शिकवायचं काय? मी काही वर्षं हा विषय शिकवतोय. पहिल्या वर्षी चुकलो, तिथूनच सांगतो.

तेव्हा तासाची सुरुवात दहा मिनिटांच्या ध्यानाने करायचो. मुलं मुकाट डोळे मिटायची (निम्मी झोपायची, त्याला माझी हरकत नव्हती). एकदा तास संपल्यावर एका मुलीने हळूच विचारलं, “सर, डोळे मिटले नाहीत तर इंटर्नलचे मार्क जातील?” मार्क जाणार नव्हते. पण गुण ज्याच्या हातात आहेत त्यानेच ध्यान करायला लावलं, तर मुलांना ती सक्तीच वाटणार. वर्गातलं ध्यान मी त्या दिवशी बंद केलं.

आता थेट कामापासून सुरू करतो. अ‍ॅश्मॉस आणि डुशॉन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी २००० साली केलेली मांडणी त्याला पुरते: माणसाला आतलं जग असतं, अर्थपूर्ण कामाने ते पोसलं जातं, आणि काम होतं ते चार माणसांच्या सोबतीने. यात देव मानलाच पाहिजे असं नाही.

मग रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण घेतो. रेझनेस्की आणि डटन या संशोधकांच्या २००१ च्या लेखात ते आहे. काहींच्या लेखी काम म्हणजे निव्वळ झाडणं-पुसणं. काही मात्र स्वतःला रुग्णसेवेचा भाग समजत, रुग्णांशी आपणहून बोलत. वर्ग भारावतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, “मग अर्थ सापडला की पगार वाढवायला नको?” मी या प्रश्नाची वाटच बघत असतो. कामाला सेवा म्हणायचं आणि जादा तासांचे पैसे बुडवायचे, हा या विषयाचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. त्यावर दोन-तीन तास सहज जातात, जाऊ द्यावेत.

गुण श्रद्धेला किंवा अनुभवाला देऊच नका. मी एक काम देतो: एखाद्या कंपनीने छापलेली तत्त्वं घ्या, तिचे रजेचे, बढतीचे, नोकरकपातीचे निर्णय शेजारी ठेवा आणि कुठे जुळतं, कुठे नाही ते पुराव्यानिशी लिहा. स्वतःबद्दलची डायरीही लिहायला सांगतो, पण ती मागत नाही. बरेच जण लिहीत नसावेत.