डाळीचा डबा महिन्यात किती वेळा भरता?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ३१, वजन ५२ किलो, घरात चार माणसं, सगळे शाकाहारी. बाहेरचं खाणं जवळजवळ नाहीच, रोज ताजी पोळी-भाजी, वरण-भात. तरी जिना चढताना धाप लागते, केस गळतात, आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.२, बी-१२ १३८, डी जीवनसत्त्व ११. सासूबाई म्हणतात, घरचं सात्त्विक खाऊन असं होतंच कसं, आमच्या वेळी नव्हतं हे काही. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे आणि मैत्रिणीने मल्टिव्हिटॅमिनची बाटली सुचवली आहे.

मी डॉक्टर नाही. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून सत्तावीस वर्षं काढली, दुसऱ्यांच्या घरातले डबे उघडून बघायची सवय तिथूनच लागली. त्या सवयीने लिहिते.

आधी एक गोष्ट मोकळी करू. ९.२ हा आकडा बीट, खजूर आणि गुळाने वर येईल या भरवशावर राहू नका. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं; ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, त्याला औषध लागतं. डॉक्टरांना पाळीत रक्तस्राव जास्त जातो का तेही सांगा आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन कमी दाखवणारा आनुवंशिक दोष) आहे का हे बघायची चाचणी लागेल का ते विचारा. बी-१२ आणि डी इतकं खाली गेलेलं असताना तेही जेवणातून भरून येणार नाही. गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यावी लागतील आणि किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. जेवणाचं काम त्यानंतरचं: भरलेली टाकी पुन्हा रिकामी होऊ न देणं. टाकी का रिकामी झाली, ते आपण बघू.

रोज काय खाता हे विचारलं की प्रत्येक घरातून "सगळं खातो" असंच उत्तर येतं. खोटं कुणी बोलत नाही, पण आठवतो तो पदार्थ, त्याचं माप आठवत नाही. म्हणून मी बायकांना वाण्याची यादी मागायचे. महिन्याला डाळ किती, तेल किती, शेंगदाणे किती. यादी लपवाछपवी करत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटाची मापं आहेत, सगळी कच्च्या मालाची: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यातल्या १०० पालेभाज्या), फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. हे ग्रॅम कुणाच्या लक्षात राहतात? त्यांना चार माणसांनी आणि तीस दिवसांनी गुणा. धान्य ३० किलो. डाळी-कडधान्यं मिळून १० किलोच्या वर. शेंगदाणे, तीळ, जवस, खोबरं मिळून ४ किलो. तेल आणि तूप धरून साधारण साडेतीन लिटर. दूध रोज सव्वा लिटरच्या आसपास, भाजी रोज दीड किलोच्या वर.

आता तुमची यादी काढा. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक घरांत, गरीब असो की बरं असो, गहू-तांदूळ पुरून उरायचे, तेलाचा पाच लिटरचा डबा संपून वर पिशवी आणलेली असायची, आणि तूर-मूग-मटकी-चणे मिळून तीन-चार किलोवर अडायचं. घर चार माणसांचंच. डाळीचा डबा महिन्यातून एकदाच भरला जातो, हीच सगळी गोष्ट आहे.

तुमच्या ताटाचा हिशेब मांडते, अंदाजे. दिवसाच्या सहा पोळ्या आणि मूठभर तांदळाचा भात यांतून २४-२५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. चौघांच्या वरणाला अर्धी वाटी तूर शिजवली तर वाट्याला १५ ग्रॅम डाळ येते, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं. दोन्ही वेळचे धरा सात. चहातल्या दुधाची तीन, भाजीची दोन-तीन. झाली ३६-३७. तुम्हाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने ४३ हवीत. तूट फार मोठी दिसत नाही, पण जे मिळतं त्यातलं बरंचसं धान्याचं आहे. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं आणि डाळीत जे मेथिओनिन कमी पडतं ते धान्यात असतं. वरण-भात आणि पिठलं-भाकरी ही जोडी म्हणूनच चांगली. मात्र वरणात पळी फिरवल्यावर डाळ शोधावी लागत असेल तर जोडीतला एकजण आलेलाच नाही.

उपवास किती करता? तुम्ही लिहिलं नाही. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरली तर महिन्याचे आठ-दहा दिवस होतात. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात १०० ग्रॅमला एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडीची इभ्रत दाण्याच्या कुटाने राखलेली असते, तेव्हा कूट सढळ हाताने घाला. राजगिऱ्याची भाकरी किंवा लाह्या-दूध त्याहून बरं. उपवास सोडा असं मी म्हणत नाही, म्हणून बघितलंय, घरात भांडण लागतं. आणि उपवासाच्या निमित्ताने घरात सैंधव आलं असेल आणि तेच रोजच्या फोडणीला लागलं असेल, तर रोजचं मीठ आयोडीनयुक्तच ठेवा.

आता लोहाचं. इथे नुसतं माप पुरत नाही, पंगत कुणाशी हेही बघावं लागतं. भाज्या-धान्यांतलं लोह शरीर मुळातच कंजूषपणे घेतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातलं टॅनिन ते आणखी अडवतं, ताटावर लिंबू पिळलं तर तेच जास्त शोषलं जातं. मोड आणले, पीठ आंबवलं की धान्य-कडधान्यातलं लोहाला बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लोह सुटं होतं. मटकीची उसळ, वर कोथिंबीर आणि लिंबाची फोड, हे आपल्या आज्यांनी कशाने ठरवलं कोण जाणे, पण हिशेब बरोबर बसतो.

यात माझीच फजिती सांगते. दिवसभर गावोगाव लोहाच्या गोळ्यांवर बोलणारी मी, माझंच हिमोग्लोबिन ८.७ निघालं. तीन महिने गोळ्या घेतल्या, आकडा जागचा हलेना. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी विचारलं, "मॅडम, गोळी घेता कशाबरोबर?" सकाळी सहाची एसटी पकडायची असायची, चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायचे. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर गोळी आणि चहा यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर ठेवलं, दुधापासून आणि कॅल्शियमच्या गोळीपासूनही लांब ठेवली, तेव्हा कुठे आकडा चढला.

बाईला लोह दिवसाला २९ मिलिग्रॅम हवं, पुरुषाला १९. म्हणजे दीडपट, आणि जेवण मात्र कमी. त्यातून वाढणारी तीच आणि शेवटी बसणारीही तीच. एकदा एका वस्तीवर मी पालेभाजीचं महत्त्व सांगत होते. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "बाई, भाजी करते मीच. पण माझ्यापर्यंत येते तेव्हा कढईत तेल उरलेलं असतं." त्या दिवसापासून माझं भाषण बदललं. मी घरातल्या पुरुषांनाही बोलवायला लागले. तुमच्या घरी तसं नसेलही, पण चार दिवस नुसतं लक्ष ठेवा, उसळ संपते तेव्हा ताटावर कोण असतं आणि ओट्यापाशी कोण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. या सगळ्या उपाशी बायका नाहीत, त्यांत तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत.

बी-१२ चं प्रकरण वेगळंच. ते वनस्पतीत नसतं. पालक, बीट, मोड आलेले मूग, कशातच नाही. मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यात. शाकाहारी माणसाच्या हातात दूध-दही-ताक एवढंच उरतं, आणि आपल्याकडे दूध म्हणजे चहापुरतं. यकृतात साठा असतो म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने हे अनेक वर्षं अभ्यासलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांची नोंद ठेवली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांत चरबीचं प्रमाण मात्र तुलनेने जास्त. आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचं जीवनसत्त्व) भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं (जी मधुमेहाकडची वाट) प्रमाण जास्त दिसलं.

म्हणून बाळाचा विचार करताना हे डॉक्टरांकडे आवर्जून काढा. फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचंच आहे, त्याबद्दल शंका नको. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. दोन्ही बरोबर हवं. मैत्रिणीच्या बाटलीत दोन्ही किती आहे, लेबल वाचून डॉक्टरांना दाखवा. इतक्या खाली गेलेल्या आकड्याला सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिनची मात्रा सहसा पुरत नाही.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, अर्धं. त्यांच्या लहानपणी ज्वारी-बाजरी होती, हुलगा होता, जवसाची आणि कारळ्याची चटणी रोजची होती, बांधावरची घोळ आणि तांदुळजा फुकट मिळायचा, दुभतं घरी असेल तर ताक प्रत्येकाला. रेशनच्या गहू-तांदळाने त्यातलं बरंच बाजूला सारलं. पण "आमच्या वेळी नव्हतं" हे मला पटत नाही. तेव्हा तपासत कोण होतं? बाळंतपणात बाई गेली की नशीब म्हणायचे.

जुनं ते सगळं चांगलं, यावरही माझा विश्वास नाही. आजकाल ज्वारीचं फार कौतुक चाललंय आणि मलाही भाकरीच आवडते. पण हैदराबादच्या त्याच संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास जवळपास निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधला पेलाग्रा अभ्यासला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलवटते, जुलाब लागतात, डोकं भ्रमिष्ट होतं, असा हा नायसिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हा घटक जास्त असतो आणि त्याने नायसिनचं गणित बिघडतं, अशी त्यांची मांडणी होती. तीच ज्वारी डाळ, दूध, भाजीसोबत खाणाऱ्यांना काही होत नव्हतं. पूर्ण ताट एकाच धान्याच्या हवाली केलं की ते चांगलं धान्यही उलटतं. उद्या सगळे नाचणीवर तुटून पडतील, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आठवड्यातून दोन-तीनदा भाकरी कराच, पण डाळीची जागा तिला देऊ नका.

तुमच्या घरी मी काय बदललं असतं? स्वयंपाक तोच ठेवला असता. वरणाची डाळ अर्ध्या वाटीवरून सव्वा वाटी, आणि एका वेळी वरणाऐवजी घट्ट उसळ किंवा पिठलं. तुमच्या सहा पोळ्यांच्या पाच, नाहीतर पोट आधीच भरतं. दुपारी वाटीभर दही किंवा घट्ट ताक. भाजीवर दाण्याचं किंवा तिळाचं कूट, शेजारी जवसाची चटणी. पेरू किंवा आवळा दिसला की घ्यायचा, सफरचंदाच्या मागे लागायचं नाही. तेलाचा डबा आणला त्या तारखेची चिठ्ठी त्यावर चिकटवायची, किती दिवस पुरतो ते आपोआप कळतं. डी जीवनसत्त्वाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही: ते उन्हाचं काम, ताटातून जवळजवळ मिळत नाही, सध्या डॉक्टर देतील ते घ्या आणि गच्चीवर जात जा. अंडं खायला घरात हरकत नसेल तर प्रश्न बराच सोपा होतो, हरकत असेल तर तो विषय मी काढत नाही.

यादी काढलीत की डाळी, तेल, दाणे आणि दूध एवढे चार आकडे इथे टाका, मी बघून सांगते. आणि रक्त पुन्हा तपासायला जाल तेव्हा सासूबाईंचंही बी-१२ करून घ्या. त्याही तेच जेवतात, वयानुसार ते शोषलं कमी जातं, आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी रोज चालू असेल तर आणखी कमी. माझ्या अंदाजाने त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा फार वर निघणार नाही.